पाच आणि पन्नास

औषधांच्या खोक्यांची डिझाइनं करण्यात ताईंची सव्वीस वर्षं गेली. ऑफिसात सगळे त्यांना ताईच म्हणत, अगदी मालकसुद्धा. गोळी पाच मिलिग्रॅमची असली तर त्या खोक्यावर निळा पट्टा घालायच्या, पन्नासची असली तर लाल, आणि आकडा असा ठसठशीत की दारातून वाचता यावा. त्या खोक्यांना कधी कुणी सुंदर म्हटलं नाही. ताईंनाही त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मग नवा डिझाइनप्रमुख आला. वयाने लहान, हुशार, बोलायला गोड. सध्या जे वारं वाहतंय तेच त्याने आणलं: पांढरं खोकं, बारीक करडी अक्षरं, बाकी सगळी मोकळी जागा. कॉम्प्युटरला चार ओळींत सांगितलं की पंधरा मिनिटांत चाळीस नमुने हजर. ताईंनी ते टेबलावर मांडून पाहिले. देखणे होते, त्यात शंका नाही.

"पण पाचचं आणि पन्नासचं सारखंच दिसतंय," त्या म्हणाल्या.

"आकडा लिहिलाय की, ताई. लोक वाचतात. आणि भडक रंग आता कुणाला नको असतात."

ताईंनी दोन्ही नमुने पुन्हा शेजारी-शेजारी ठेवले. आपलंच जुनं झालंय का, ही शंका त्यांनाही अधूनमधून खायचीच. दोन नमुने पिशवीत टाकून त्या घरी आल्या.

वडील खिडकीशी बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, नजर अधू, पण गोळ्या आपल्या हातानेच घेणार हा हट्ट.

"बाबा, यातलं पाचचं कुठलं?"

बाबांनी दोन्ही खोकी उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि अगदी खात्रीने एक पुढे केलं. ते पन्नासचं होतं.

ताई काहीच बोलल्या नाहीत.

"चुकलं ना?" बाबांनी विचारलं. मग खोकी परत देत म्हणाले, "परीक्षा घ्यायला मीच सापडलो होय तुला?"

त्या दिवसापासून बाबांनी स्वतः गोळ्या काढणं सोडलं. ताई हातावर ठेवायच्या, ते मुकाट्याने घ्यायचे. ताईंच्या मनाला ते लागून राहिलं.

ऑफिसच्या पुढच्या बैठकीत त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं, आवाज न चढवता. डिझाइनप्रमुख ऐकत राहिला. "माझी आजी पण..." एवढंच म्हणून तो थांबला.

खोकी पांढरीच राहिली, अक्षरंही बारीकच. पण आकडा मोठा झाला, पट्टा परत आला. शिवाय ताईंनी एक गोष्ट मागून घेतली: छपाईआधी प्रत्येक नमुना चार वयस्कर माणसांना दाखवायचा. आता दर गुरुवारी आजी-आजोबा ऑफिसात येतात, चहा घेतात आणि नमुन्यांना मनसोक्त नावं ठेवतात. प्रमुख मान खाली घालून सगळं लिहून घेतो.

ताईंनी बाबांना एकदा विचारलं, "तुम्ही येता का?"

"नको," ते म्हणाले. "तिथं चुकलो तरी तू गप्पच बसशील."

ताईंनी पुन्हा विचारलं नाही.