मालिकेतली बंद खोली आणि आमच्या वरची

मंडळी, घाईघाईत लिहितेय. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

नेरे गावात एका शेतकरी कुटुंबाकडे मी खालची खोली भाड्याने घेतलीय. आज सुट्टी, म्हणून दुपारी टीव्हीवर एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरची मालिका बघत होते. मोठं ओसाड घर, कुलूपबंद खोली, आतून ठोके. मी उशी कवटाळून बसलेले.

ब्रेक लागला, साबणाची जाहिरात आली. ठोके चालूच!

जिना चढून वर गेले. वरच्या खोलीला बाहेरून कुलूप. आतून बाई ओरडली, "दादाला सांगा, बापाच्या जमिनीतला हक्क मी सोडनार न्हाई. सही करनार न्हाई!"

वळले तर मागे घरमालकीण, हातात जेवणाचं ताट.

"नणंद हाय माजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "सही केली की जाईल तिच्या घरी. तुमी टीव्ही बघा. आवाज वाईच मोठा ठेवा."

मी खाली आले आणि खरंच आवाज वाढवला.

मालिका संपून तास झाला, तरी टीव्ही बंद करायची हिंमत होत नाहीये. पोलिसांना फोन केला, तर राहायचं याच घरात आहे.

खरं सांगा, तुम्ही आवाज कमी केला असता?