नागलीच्या कणगीतलं पाकीट

कुऱ्हाडीचा दांडा मोडला म्हणून तो थांबला. नाहीतर त्या सकाळी त्याने बायकोला जिवंत ठेवलं नसतं. मला बोलवायला त्याचीच आई धावत आली होती. मी उपकेंद्राचं दार उघडं टाकून पळाले. पोचले तेव्हा ती अंगणात बसली होती, उजव्या कानामागून रक्त वाहत होतं आणि आठ महिन्यांचं पोर त्याच रक्ताळलेल्या अंगाला चिकटून दूध पीत होतं. तो ओट्यावर बसून हातातल्या तुकड्याकडे बघत होता. त्याच्या पायाशी वर्तमानपत्राचा कागद पसरला होता आणि कागदावर निरोधची पाकिटं पडली होती.

तो कागद मी ओळखला. मीच तो गुंडाळून दिला होता.

मी नर्स. खोडाळ्यापासून आत, पाड्यापाड्यांत विखुरलेल्या एका गावात काम करते. डोकं माझं तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते दिसणारच आहे. माहेर जव्हारचं, वडील शिक्षक. आमच्या घरी भूगोलापासून पंचांगापर्यंत सगळं बोललं जायचं, फक्त कमरेखालचं काही नाही. पाळीच्या घड्या आणायला मेडिकलात गेले की दुकानदार मी तोंड उघडायच्या आतच पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळायचा. पुढे नर्सिंगच्या शिक्षणात सगळं उघडं करून शिकवलं, पण तो कागद काही माझ्या हातातून सुटला नाही. निरोध द्यायचा म्हटलं की आधी कागद शोधायचा, ही माझी रीत होऊन बसली होती.

ती बाई वैशाखात माझ्याकडे आली होती. कमरेखालची जखम दाखवायला तिने अर्धा तास घेतला. नवरा दिवाळीनंतर ठाण्याकडे बांधकामाच्या साइटवर गेला होता, पोर अंगावरचं म्हणून ती गावातच राहिली. शिमग्याला तो परत आला. बाळंतपणाआधी तिचं रक्त स्वच्छ होतं, ते मीच तपासायला पाठवलं होतं. आता त्यात गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली. तिचं औषध सुरू झालं, पण नवऱ्यानेही सुई घ्यायला हवी, आणि ती घेतल्यावरही डॉक्टर सांगेपर्यंत जवळ यायचं तर निरोध लावूनच. मी त्याला दोनदा निरोप धाडला. मला काय धाड भरलीय, असं उत्तर आलं.

मग मी पाकिटं तिच्याच हातात दिली.

"त्याला सांग, हे लावल्याशिवाय नाही."

"मी कसां सांगू, बाय? मारील तो."

"देवाने तोंड दिलंय ना? मग वापर."

असं फाडकन बोलायला मला काय जातं! आणि हे बोलून झाल्यावर मी काय केलं, तर पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "लपवून ठेव. कुणाच्या नजरेला पडू देऊ नको."

तिने माझा शब्द पाळला. नागलीच्या कणगीत, दाण्यांच्या खाली, हात कोपरापर्यंत घालून तिने तो कागद पुरला. सासूने दळायला नागली काढली तेव्हा तो तिच्या हाताला लागला. म्हातारीला वाटलं कुणीतरी घरावर करणी केली. तिने भीत भीत मुलाला दाखवलं. मुलाने ती वस्तू साइटवर पाहिलेली होती. मी तर आणली नाही, मग ही कुणासाठी, एवढाच त्याचा हिशोब. त्याच घरात बायकोच्या गोळ्या खुंटीवरच्या पिशवीत उघड्या लटकत होत्या, त्याबद्दल त्याने कधी चकार शब्द विचारला नव्हता. जे लपवलं होतं, तेवढंच पाप ठरलं.

खोडाळ्याला नेताना जीपमध्ये तिने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. "आजाराचां कुणाला सांगू नको, बाय. पाण्यावर येऊ देणार नाय मला." मी वचन दिलं. टाके पडताना ती एकदाही ओरडली नाही. ओरडली ती दुसऱ्या दिवशी, नवऱ्याने काडीमोड मागितल्याचं कळलं तेव्हा.

काडीमोड म्हणजे पंचांसमोर गवताची सुकी काडी मोडायची. ती मोडली की नवरा-बायको एकमेकांना मोकळे. यात नामुष्की नाही, मोडून दुसरं घर करणाऱ्या बायका इथे पुष्कळ आहेत. पण पोर बापाच्या घरी राहतं. "नवरा ठेवा तुमचा," ती सासूला ओरडून सांगत होती, "माझां पोर द्या!"

तिसऱ्या दिवशी सकाळी पंच आंब्याखाली बसले. मधल्या दगडावर पुरावा म्हणून ती पाकिटं मांडली होती. नवऱ्याने सांगायचं ते सांगितलं आणि बायकोकडे बोट करून थुंकला. मी उपकेंद्रातलं निरोधचं अख्खं खोकं उचलून नेलं होतं, ते त्या दगडावर उलटं केलं.

"हे सरकारचं आहे आणि मी वाटते," मी म्हणाले. "घ्या, एकेकाने घरी न्या. मग उद्या येते आणि तुमच्या बायकांना विचारते, कुणासाठी ठेवलंय म्हणून!"

दोघे-तिघे हसले. वाटलं, जिंकलं. पण मुंडासं बांधलेला म्हातारा कारभारी, जो बोलला की बाकीचे गप्प बसतात, तो हसला नाही.

"वाटायचां तर वाट, बाय. मग लपवायला कोणी सांगलां हिला?"

"मी," मी म्हणाले.

"ऐका!" नवरा टाळी वाजवून ओरडला. "बायच सांगते, लपवायचां काम होतां!"

माझ्या त्या एका शब्दाने तिचं पोर गेलं, हे मला तिथेच कळलं. आजाराचं सांगितलं असतं तर सगळं उलगडलं असतं, पण वचन दिलं होतं. तिला तोंड वापरायला सांगणारी मी, माझीच दातखीळ बसली. मला माझी इतकी चीड कधी आली नव्हती.

तेव्हा ती उठली. डोक्याला पट्टी, कडेवर पोर. "मला गरमी झाली हाय," ती म्हणाली. "शिमग्याला यानी आणली. बायनी औषध दिलां आन ते लावायला दिलां. मी भ्यालू म्हणून लपवलां."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो तिच्या अंगावर आला. पट्टीला धरून त्याने तिला खाली ओढली, टाके उसवले. सासूने पोर हिसकून घेतलं म्हणून ते वाचलं. त्याने तिच्या पाठीत लाथ घातली. माझ्या पायातली चप्पल माझ्या हातात कधी आली ते मला माहीत नाही. मी त्याच्या तोंडावर मारली, एकदा, दोनदा, नाकातून रक्त येईपर्यंत. सरकारी नोकरीत आहे हेसुद्धा आठवलं नाही, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. चौघांनी मिळून त्याला धरला. "तूच आणलीस!" तो ओरडत होता. "त्या तुझ्या याराकडून!"

तेवढ्यात मागे उकिडवा बसलेला एक माणूस पुढे आला. हा त्याच्याबरोबर साइटवर गेलेला सोबती. "बाय, माझां पण रक्त तपास," तो खाली मान घालून म्हणाला. "आम्ही दोघां संगंच गेलू होतू त्या बाईकडं."

नवऱ्याने हिसका देऊन एक हात सोडवला, खालचा दगड उचलला आणि त्याला हाणला. सोबत्याचा ओठ फाटला. तो पुसत पुसत तिथेच उभा राहिला, मागे हटला नाही.

कारभाऱ्याच्या बोटांत काडी होती. ती त्याने मुंडाशात खोचली. "आधी सुई घे," तो नवऱ्याला म्हणाला. "काडीचां मग बघू. आन परत हात उचललास तर काडी मीच मोडीन, आन पोर तिच्यासंगं जाईल."

ती सुई फार दुखते. डॉक्टरांनी लिहून दिली आणि मी टोचली. औषध हळूहळू सोडावं, म्हणजे कमी दुखतं. मी हळू सोडलं नाही. नर्सने असं सांगू नये, पण घडलं ते असं. सोबत्याला मात्र सावकाश दिली. पोराच्या रक्तात काही निघालं नाही, त्या दिवशी मी उपकेंद्रात एकटीच बसून रडले.

ती त्याच्याकडेच राहिली. मी तिच्यावर केवढी चिडले! माहेरी जा, दुसरं घर कर, पोर आता तुझ्याबरोबर येईल, सगळं सांगून पाहिलं. "आता तो भितो, बाय," एवढंच म्हणाली. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही.

दिवाळी झाली आणि माणसं पुन्हा कामाला निघायची वेळ आली. या वेळी तीही जाणार होती. लसीकरणाचा दिवस होता, उपकेंद्राची ओसरी बायकांनी भरली होती. ती पोराला कडेवर घेऊन सरळ टेबलाशी आली आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाली, "बाय, निरोध दे. शिमग्यापर्यंत पुरतील इतकी."

मी खोकं उघडलं, पाकिटं काढली, आणि माझा डावा हात आपोआप खालच्या खणात गेला. वर्तमानपत्राचं पान मी ओढून टेबलावर पसरलंसुद्धा.

तिने फाडकन माझ्या हातावर मारलं. पान खाली पडलं. तिने पाकिटं उघडी मुठीत धरली आणि बायकांमधून वाट काढत निघून गेली. कानामागे टाक्यांच्या जागी केस उगवलेले नाहीत, ते तिने पदराने झाकलं नव्हतं.

माझा हात संध्याकाळपर्यंत चुरचुरत होता.