यंदाचा भंडारा माझ्याकडं!

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसाच! सगळं गाव हसलंय, मग तुम्हीच काय घोडं मारलंय?

शिरूरच्या बाजारात माझं हळद-मिरचीचं दुकान. शाळा सातवीपर्यंत, पण समोरचा अर्धं बोलला की पुढचं अर्धं मी ओळखतो, असा माझा लौकिक. पसरवला मीच.

निमोण्याच्या पुढं, घोडनदीच्या अंगाला एक गाव आहे. नाव नाही सांगत, घरटी माझं गिऱ्हाईक आहे तिथं. गावात खंडोबाचं जुनं दगडी देऊळ. खांबाखांबावर कोरीव काम, भिंतीभिंतीवर जुनी रंगीत चित्रं. चंपाषष्ठीच्या आधी तिथल्या पंचांपैकी आबांचा फोन आला.

"शेठ, औंदाचा भंडारा तुमच्याकडं."

"माझ्याकडं म्हणजे माझ्याकडंच, आबा!"

"आमी कायीच बघायचं न्हाई मंग?"

"तुम्ही फक्त देवापाशी उभं राहा. किती धरायचा?"

"पाचशेच्या खाली न्हाई बगा."

पाचशे किलो हळद? खंडोबा बुडेल की हो! पण म्हटलं, म्हातारं माणूस, वाढवूनच बोलणार.

"आन् निवडणं-बिवडणं?"

"निवडायचं काय त्यात? दळूनच आणतो!"

"दळून? लई झ्याक!"

चंपाषष्ठीला सकाळी दहाला सौभाग्यवतींना घेऊन हजर. टेम्पोत पन्नास किलो हळद, चाळून, सुगंध घालून!

देऊळ काय वर्णावं! खांबांवर छत तोलणारे बुटके यक्ष, डोळे खोबणीतून बाहेर आलेले. मी बायकोला एकेक मूर्ती समजावून सांगत होतो. येत काहीच नव्हतं, पण गुरवमामा ऐकत होते ना!

मामा म्हणाले, "शेठ, भिंती बगा. पार पिवळ्या झाल्या हुत्या हळदीनं. पुण्याची मानसं आली, कापसाच्या बोळ्यानं पुसत बसली. आतनं म्हाळसा निगाली, बानाई निगाली, देवाचं घोडं निगालं!"

खरंच, चित्रातली बाणाई कालच मेंढरं राखून आल्यासारखी टवटवीत होती. आणि तिच्या शेजारी पाटी: 'मंडपात भंडारा उधळण्यास सक्त मनाई.'

पन्नास किलो उधळू कुठं? नदीत?

तेवढ्यात आबा आले. "शेठ, आचारी कुठं हायती?"

"आचारी? कशाला?"

"सैपाकाला! टेम्पोत काय, शिधाच हाय ना?"

"हळद आहे."

"ती लागतीच. बाकीचं?"

"बाकीची पण हळदच आहे."

आबा माझ्याकडं बघतात, मी आबांकडं. माझे डोळे आता खांबावरच्या यक्षासारखे! अहो, भंडारा म्हणजे गावजेवण! आणि पाचशे म्हणजे माणसं!

"आवो शेठ, भंडारा म्हून गावात एक चूल पेटली न्हाई! म्हाताऱ्यांचं सा दिसाचं उपास सुटायचं हायती आज!"

सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "अर्ध्या बोलण्यात ओळखता ना तुम्ही?"

मी शिरूरला फोन करायला निघालो, तर आबांनी हात धरला. "तिकडनं माल येऊस्तवर म्हातारी मानसं आडवी हुत्याल. थांबा." आणि गेले माईकवर. "आयाबायांनो, ज्याच्या घरी जे आसंल ते घिऊन या! भंडाऱ्याची जरा गडबड झालीया!"

कुणी पाट्या भरून वांगी आणली, कुणी बाजरीचं पीठ, कुणी डाळ. देवळामागं तीन दगडांच्या पंधरा चुली पेटल्या. सौभाग्यवती भाकरी थापायला बसल्या. मला वांगी भाजायला बसवलं. दोन वाजेपर्यंत माझ्या भुवया निम्म्या राहिल्या होत्या. पण भरीत-भाकरी आणि आमटीची पंगत अशी उठली म्हणून सांगू! म्हातारी माणसं बोटं चाटत होती.

मी खांबाआड उभा. म्हटलं, निभावलं. आता कुणी नाव काढायच्या आत सटकावं.

तर आबा पुन्हा माईकवर! "मंडळी, आजचा भंडारा शिरूरच्या शेठजींच्या नावानं झाला. वांगी गावाची, बाजरी गावाची, डाळ गावाची, सरपण गावाचं..."

माझ्याकडं बोट केलं.

"...आन् आमटीतली चिमूटभर हळद शेठजींची! टाळ्या वाजवा!"

टाळ्या कडाडल्या. सगळ्यात जोरात सौभाग्यवतींच्या.