‘र’ची दांडी

माने मास्तर गेल्याचं मला आठवड्यानं कळलं, साताऱ्याहून आलेल्या कार्डातून. कार्ड हातात घेऊन बसले आणि पहिल्यांदा आठवला तो त्यांच्यावरचा राग... लाज वाटली, पण खरं तेच.

बहात्तरचा दुष्काळ होता. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निक्षून सांगितलं होतं: टायपिंगची परीक्षा पास झालीस तर नोकरी, नाहीतर यंदाच लग्न. मास्तर मूळचे म्हसवडचे. लष्करातली कारकुनी संपवून त्यांनी साताऱ्यात क्लास काढला होता. पाठीमागे उभे राहून नुसत्या आवाजावरून चूक धरायचे. "कळ दाबू नगंस पोरी, टिचकी मार आन् बोट उचल." टाइपरायटरमधल्या अक्षरांच्या दांड्या ते पेट्रोलच्या बोळ्यानं पुसत. तेल कधीच नाही, तेलावर धूळ बसते म्हणत.

परीक्षा सांगलीला, यंत्रं आपापली न्यायची. आमची एसटीच्या टपावर, चादरीत बांधून गेली. घंटा झाली आणि दुसऱ्याच ओळीत ‘र’ची दांडी कागदावर आपटून तिथंच चिकटली. बोटानं मागे ओढली. पुढच्या ‘र’ला पुन्हा तेच. ‘र’शिवाय मराठीत ओळ तरी पुरी होते का... शेजारणींची यंत्रं धडधडत होती, आणि मी सारखी हात उचलून दांडी सोडवत होते. घामानं बोटं घसरायला लागली. वेळ संपली तेव्हा शेवटचा परिच्छेद तसाच राहिला होता.

बाहेर मास्तर भिंतीला टेकून उभे होते. आवाजावरून त्यांना सगळं कळलं होतं. "काल तुज्या यंत्राला तेल सोडलं मी," ते म्हणाले. "हलकं चालावं म्हनून... तुजं लगीन ठरवत्यात, म्हनून." साताऱ्यापर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

निकालाआधीच ते घरी आले. दादांपुढे उभेच राहिले. "आवं, पोर न्हाई चुकली, मी चुकलोय. सा म्हयनं द्या तिला."

दादांनी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, "बसा मास्तर. च्या घ्या."

पुढच्या परीक्षेत मी पास झाले, कचेरीत लागले. पेढे घेऊन गेले, पण राग गेलाय हे काही बोलले नाही. त्यात सांगायचं काय, असं वाटलं तेव्हा.

परवा काकूंना, मास्तरांच्या बायकोला, भेटायला गेले. त्या शिवत बसल्या होत्या. शिलाईचं मशीन इतकं करकरत होतं की बोलणं ऐकू येईना. तेल का घालत नाही, मी विचारलं.

"घरात तेलाची कुपी आनूच देत न्हवतं," काकू म्हणाल्या. "त्या बारीला सांगलीस्नं आल्यापास्नं."