गोगलगाईंचा पाहुणचार

नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या शहरात घरी समुद्र बसवायचा, ही कल्पना माझी. विकतच्या फिल्टरच्या पाण्यात मी खास मीठ कालवत होतो, ते शेजारच्या काकूंनी पाहिलं आणि जिन्यातच जाहीर केलं, "लोकाला गोडं पाणी मिळंना, अन् हे बसलंय त्यात मीठ कालवत!"

कारण मात्र गंभीर होतं. आई गेल्यावर बाबांना पैठणहून चिकलठाण्याला आमच्या फ्लॅटवर आणलं होतं. आमच्या घरी आग्रह आईचा. पाहुण्याला वाढून "घ्या, लाजू नका" म्हटल्याशिवाय ती स्वतः जेवायला बसायची नाही, आणि ती बसल्याशिवाय बाबा घास उचलायचे नाहीत. आता ताट जसंच्या तसं परत येई. एसटीत प्रवाशांशी हुज्जत घालण्यात उभा जन्म गेलेला हा कंडक्टर भिंतीकडं तोंड करून पडून राही. डॉक्टर म्हणाले, "त्यांचं मन रमवा." हे औषध कुठल्या मेडिकलमध्ये मिळतं ते काही त्यांनी लिहून दिलं नाही.

म्हणून मी प्रवाळ, दगड आणि नारिंगी मासे असलेली काचेची टाकी बाबांच्या कॉटसमोर मांडली. त्यांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि कूस बदलली. मला त्या भिंतीचा हेवा वाटला.

रमलं ते शेवाळ. दगडांवर हिरवे केस उगवले, काच धुरकटली, प्रवाळ मलूल झालं. दुकानदार म्हणाला, "साब, सफाई के लिए गोगलगाय लो या शंखवाला खेकडा लो. गोगलगाय शरीफ है, पण उताणी पडली तो उठती नाही, मर जाती. खेकडा होशियार है, सब साफ करेगा, पण शरीफ नाही." हा खेकडा रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो, आणि शंख लहान पडला की कधीकधी गोगलगाईला मारून तिचा घेतो. मी कारखान्यात क्वालिटीला आहे. ज्याला सरळ करायला दुसरा माणूस ठेवावा लागतो असा कामगार घेऊ नये, हे माझं ठाम मत. बायको म्हणाली, "अहो, घरात मारामाऱ्या करणारं काही नको." गोगलगाई आल्या.

त्यांनी काम मन लावून केलं. फक्त रोज एखादी उताणी पडे आणि ड्यूटीवर जाण्याआधी बाही वर करून मी तिला सुलटी करी. एकदा आम्ही दोघं कामावरून परतलो, तर बाबा कॉटवर उठून बसलेले, बाही कोपरापर्यंत ओली.

"अरे, एक उताणी पडली व्हती! लई हाका मारल्या. घरात कुणी नाय. मग मीच उठलो."

तिकीट न काढणाऱ्या प्रवाशावर चढवावा तसा आवाज चढवला होता. इतक्या दिवसांनी बाबा माझ्यावर खेकसले, आणि मला फार बरं वाटलं.

गोगलगाईंची ड्यूटी बाबांनी घेतली. मग एक दिवस ते स्वयंपाकघरात आले आणि भाजीतलं पालकाचं पान मागून घेऊन गेले. "नुस्तं शेवाळ खाऊन दिस काढायल्यात बिचाऱ्या." पुढं हे रोजचंच झालं. गोगलगाई कामचुकार झाल्या. पान येईपर्यंत त्या एका कोपऱ्यात बसून राहू लागल्या आणि काच पुन्हा हिरवी झाली. माझं मत खरं ठरल्याच्या आनंदात मी पिशवीतून खेकडे घेऊन आलो.

बाबांनी पिशवी उजेडात धरली. "हे काय खातात?"

"मिळेल ते."

"आन् ह्या गरिबाला काय करणार तर नाय ना?"

खोटं बोलता आलं नाही. शंखाचं सांगितलं.

"परत देऊन ये," बाबा म्हणाले.

दुकानदारानं खेकडे परत घेतले, पण माझी कीव आल्यासारखा म्हणाला, "फिर काच कौन साफ करेगा, साब?"

तर काच मी घासतो. सुट्टीच्या दिवशी टाकीत हात घालून घासत होतो, तेव्हा शेजारी खुर्ची ओढून बाबा बसले. मांडीवर ताट होतं, भाकरी निवत होती. त्यांनी आधी पालकाचं पान पाण्यात सोडलं.

"घ्या," ते म्हणाले, "लाजू नका."

एक गोगलगाय हळूहळू पानावर चढेपर्यंत थांबले, आणि मग त्यांनी भाकरी मोडली.