बोदलकस्याचा राजेश

आमच्या घरात पोकर खेळणारी व्यक्ती एकच आहे, आणि ती सून आहे.

म्हणजे मी. गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत आमचं घर. नवरा, प्रमोद, पंपाच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करतात आणि मी सकाळचा स्वयंपाक आटोपला की मोबाइलवर पोकर खेळते. (पैसे लावून नाही हो! फुकटच्या चिप्स, म्हणजे नुसती दाखवायची नाणी, असतात. जिंकल्या काय नि हरल्या काय, भाजीवाली त्या घेत नाही.) तिथे माझं नाव ‘मुर्री का शेर’ आणि फोटो वाघाचा. त्यामुळे टेबलावरचे सगळे मला ‘भाई’ म्हणतात आणि मीही होता होईल तेवढ्या जाड आवाजात टाइप करते.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, ती कोणाला दाखवायची नाहीत. मध्ये पाच पानं हळूहळू उघडत जातात. आपली पाळी आली की चिप्स वाढवायच्या, नाहीतर पानं टाकून उठायचं. जिंकायच्या रीती दोन. एक, तुमची पानं सगळ्यांत भारी निघणं. दुसरी, तुमच्या थापेला भिऊन समोरच्यानंच पानं टाकणं. पहिल्या रीतीला नशीब लागतं, म्हणून माझं सगळं प्रेम दुसरीवर! दुर्री आणि सत्ती ही पोकरमधली सगळ्यात भिकार जोडी हातात घेऊन मी भल्याभल्यांना उठवलं आहे. माझे नियम ठरलेले. शक्यतो शेवटी बोलावं, समोरचा विचार करायला किती वेळ घेतो ते बघावं, आणि थाप मारायचीच तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगावी. हे नियम मी मोबाइलपुरते ठेवले असते तर आज नातेवाइकांत ताठ मानेनं वावरले असते.

पण मध्येच नणंदेचं लग्न आलं.

ममता माझी एकुलती एक नणंद. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामाजी. मामाजी आता नाहीत, त्यामुळे घरचे कर्ते प्रमोद, आणि प्रमोदच्या वतीनं सगळं ठरवणारी मी. ममताला बघायला आधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोघांनीही पोहे संपवून एकच वाक्य म्हटलं होतं, “घरी जाऊन इचार करतो.” ते अजूनही विचारच करत असावेत.

तिसरं स्थळ कोहमाऱ्याचं. मुलगा संदीप, हायवेच्या चौकात टायरचं दुकान. ममतानं त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि मला मोरीत ओढून, नळ सुरू करून (आत्याबाईंचे कान फार तीक्ष्ण) सांगितलं होतं, “वहिनी, मले हेच पाह्यजे. हे गेले तं मी दुसऱ्या कोनासमोर पोहे घेऊन येनार नाही.” ममता एरवी फार बोलत नाही. त्यामुळे ती बोलली की मी हातातलं काम सोडून ऐकते.

ठरल्या रविवारी संदीप आणि त्याचे वडील गोविंदाजी आले. संदीप बघताच आवडावा असा. गोविंदाजींचा चेहरा मात्र शटर पाडलेल्या दुकानासारखा! आत माल आहे की नाही, काही पत्ता लागू देत नव्हते. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी राहून त्यांचा अभ्यास करत होते. पोहे हळू खाल्ले, म्हणजे घाई नाही. पाणी दोनदा मागितलं, म्हणजे मन अस्थिर. (पोह्यात मिरच्या जास्त झाल्या होत्या, हे मला रात्री ममतानं सांगितलं.) शेवटी त्यांनी बशी खाली ठेवली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले,

“पोरगी चांगली हाय जी. घरी जाऊन इचार करतो.”

पडद्याआड ममतानं माझा दंड इतक्या जोरात दाबला की बांगडी पिचली. आणि माझ्यातला वाघ जागा झाला. समोरचा रेंगाळतोय? मग चिप्स वाढवा! त्याला वाटू दे की आपल्या हातात एक्के आहेत!

मी चिवड्याची बशी घेऊन बाहेर गेले आणि गोविंदाजींना नीट ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाले, “आत्याबाई, मंग त्या बोदलकस्यावाल्यायले काय कळवाचं? ते तं हो म्हनून बसले आहेत.”

पोकर एकट्यानं खेळायचा खेळ आहे हे मी विसरले होते.

“कोन बोदलकस्यावाले?” आत्याबाई.

“तेच हो. मोठ्या तलावाजवडचे. त्याइचा फोन आल्ता ना.”

“मले कोनाचा फोन नाही आला.”

“तुमाले नाही. यायले आल्ता,” म्हणून मी प्रमोदकडे बघितलं. प्रमोद चहा पीत होते. तो सगळा त्यांच्या नाकातून परत आला. ठसका म्हणजे होकारच, असं मी सगळ्यांना भासवलं.

इथे गोविंदाजी पहिल्यांदा हसले. “बोदलकसा? अरे वा! माही सख्खी बहीन देल्ली हाय तेथी. कोनाचा पोरगा जी?”

आपल्या जिल्ह्यात थाप मारताना गावाचं नाव घेऊ नये. प्रत्येक गावात प्रत्येकाची कोणीतरी दिलेली असते! हे कुठल्याच पोकरवाल्याला माहीत असण्याचं कारण नाही, पण मुर्रीच्या सुनेला माहीत असायला हवं होतं. तरी मी डगमगले नाही. आता मागे सरणं म्हणजे पानं उघडी टाकणं. मी सगळ्यात साधं, कुठेही खपणारं नाव घेतलं.

“राजेश.”

“कोन्ता राजेश?”

“तो... मच्छीचा धंदा आहे ना त्याचा.” तलावाकाठचं गाव, म्हणजे मच्छी असणारच, असा माझा हिशोब. “टेंपो आहे. एकटाच आहे मायले.”

ही सगळी भर मी समोरच्यानं न मागता घालत होते. आणि गोविंदाजींनी शांतपणे खिशातून मोबाइल काढला, बहिणीला लावला, आणि तो स्पीकरवर ठेवला.

“का वो बाई, तुमच्या गावात राजेश नावाचा पोरगा हाय का? मच्छीवाला?”

मी डोळे मिटले. पलीकडून बाई ओरडल्या, “हाय ना! टेंपोवाला! अगा दादा, सोन्यासारखं पोरगं! सुपारीचं खांडबी खात नाही. मायची लय सेवा करते. काऊन? पोरगी हाय का कोनती?”

“मुर्रीवाल्याइची हाय. राजेशवाल्याइनं हो म्हनलं म्हनते ना.”

“असं का? मले बोलली नाही त्याची माय! थांब, इचारतोच तिले!” आणि फोन बंद.

म्हणजे मी हवेतून काढलेला माणूस टेंपोसकट खरा निघाला होता. मला क्षणभर स्वतःचा फार अभिमान वाटला! आता गोविंदाजी घाबरणार, घाईघाईनं होकार देणार...

गोविंदाजी उठले. टोपी डोक्यावर ठेवली आणि हात जोडले.

“एवढं चांगलं स्थळ चालून आलं असन तं तुमी तेथीच करा जी. पोरीचं भलं व्हावं. आमी कायले आड येऊ? चाल रे संदीप.”

पोकरमध्ये समोरचा उठला की आपण जिंकलो. लग्नात समोरचा उठला की नणंद कुवार राहते! एवढा मोठा फरक माझ्या ध्यानात आला तेव्हा संदीप चपला घालत होता. तेही पडद्याकडे बघत, चुकीच्या पायात. पडद्यामागून ममतानं असा हुंदका दिला की माझं काळीज खरंच चरकलं. हसण्यावारी न्यायची गोष्ट उरली नव्हती ती.

“जेवल्याशिवाय कसे जाल?” मी दारात आडवी झाले. “भात टाकलाच आहे!”

भात टाकला नव्हता. पण जेवायला बसा म्हटल्यावर आमच्याकडचा पाहुणा जाऊ शकत नाही, ते त्याच्या स्वभावातच नाही. गोविंदाजी पुन्हा बसले. मी आत पळाले, कुकर चढवला, आणि विचार करायला वेळ मिळावा म्हणून त्याची शिट्टीच काढून पिठाच्या डब्यात टाकली. आत्याबाई दोनदा येऊन विचारून गेल्या, “भात काऊन नाही होऊन राहिला?” मी म्हटलं, “तांदूळ जुना आहे.” (घरचाच तांदूळ होता, नवा कोरा. आत्याबाईंनीच निवडलेला.) ममता एका कोपऱ्यात कांदा न चिरताच रडत होती.

वेळ मिळाला, पण विचार काही सुचला नाही. त्याऐवजी दारात टेंपो थांबल्याचा आवाज आला.

प्रमोद स्वयंपाकघरात आले. त्यांचा चेहरा पांढराफटक.

“वैशाली, तुझा राजेश आला.”

बाहेर एक उंच, लाजाळू मुलगा हातात मासोळ्यांची पिशवी घेऊन उभा होता आणि त्याच्या पुढ्यात नव्या लुगड्याची घडी सावरत त्याची आई. “आमी गोंदियालेच मच्छी घेऊन आल्तो,” ती हसत म्हणाली. “याइच्या बहिनीचा फोन आला का मुर्रीवाले राजेशचं नाव घेऊन राहिले. मनलं, एवढं मन हाय तं खाली हातानं कायले जाव? दोन कतले आनले.”

एका सोफ्यावर दोन नवरदेव! मध्ये चिवड्याची बशी! दोघांना काही सुचेना, म्हणून राजेशनं संदीपला टेंपोच्या मागच्या टायरबद्दल विचारलं, आणि पाच मिनिटांत दोघं अशा गप्पा मारू लागले की ममताला बघायला आलोत हे विसरले असावेत. गोविंदाजी राजेशकडे कौतुकानं बघत मान डोलवत होते. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या, पण कौतुकानं नाही. मी मात्र डोक्यात नवा डाव मांडत होते. राजेशच्या आईला पत्रिका जुळत नाही म्हणून सांगावं? प्रमोदना चक्कर आणावी? प्रमोदनी माझा चेहरा बघितला आणि हात जोडले, “नोको! आता काही नोको करू!”

तेवढ्यात पडदा सरकला. ममता बाहेर आली. डोळे सुजलेले, पदर खोचलेला, हातात पाण्याचे पेले. तिनं पहिला पेला राजेशसमोर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“घ्या, राजेशदादा.”

दादा! राजेशनं पेला घेतला, एकदा संदीपकडे पाहिलं, आणि सगळं समजून मोकळं हसला. दुसरा पेला ममतानं गोविंदाजींना दिला.

“मामाजी, तुमी बसा. तुमचा इचार होवाचा असन तं होऊ द्या. माहा झाला हाय.”

मुलीनं तोंडावर ‘मामाजी’ म्हटल्यावर सासऱ्याला बोलायला काय उरतं? ममतानं कधी पत्त्याला हात लावलेला नाही. पण तिनं दोन शब्दांत सगळी पानं सरळ जमिनीवर पसरली, आणि माझी सगळी विद्या त्या चिवड्याच्या बशीजवळ तोंड पाडून बसली.

गोविंदाजींनी पेला रिकामा केला. “अवो बाई, माहा इचार तं पोहे खातानाच झाल्ता! घरी बायकोले इचारून संध्याकाळी हो म्हनून फोन करनार होतो. तिले न इचारता हो मनलं असतं तं मले घरात कोनी घेतलं असतं का?” मग ते माझ्याकडे वळले. “पन मंग हे बोदलकस्याचं काय होतं?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पदर डोक्यावर घेतला. “बोदलकस्यावाले नव्हतेच जी. मी उगाच म्हटलं.”

“नव्हतेच?” राजेशची आई ताडकन उठली. “मंग आमी कोन आहो?”

मी पदर आणखी पुढे ओढला. पण गोविंदाजींना जे हसू फुटलं ते आवरेना. मग संदीप, मग राजेश, आणि शेवटी ती माउलीही पदर तोंडाला लावून हसायला लागली. मासोळ्या तिनंच रांधल्या. (पिठाच्या डब्यातून शिट्टी आत्याबाईंनी काढली. त्याबद्दल त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण पुढे बरंच बोलल्या.) सगळे एका पंगतीत बसून जेवलो, आणि ममता वाढताना इतकी हसत होती की मला माझी लाजही गोड लागली.

लग्न धूमधडाक्यात झालं. नवरदेवाचा कान पिळायची वेळ आली तेव्हा प्रमोद बाजूला सरले आणि राजेशदादाला पुढे केलं. त्यानं तो इतका मनापासून पिळला की संदीपचा कान सगळ्या फोटोंत लाल आला आहे.

पोकर मी सोडलेलं नाही, पण घरात माझी पत संपली. मी म्हटलं की दूध नासलं, की आत्याबाई स्वतः येऊन पातेल्यात बघतात. डोकं दुखतं म्हटलं तर कपाळाला हात लावून खात्री करतात. मनात म्हटलं, असू दे. टेबलावर तरी आपली जरब आहे!

परवा टेबलावर एक नवा खेळाडू आला. फोटोत टेंपो. मी नेहमीसारखी शेवटपर्यंत थांबले आणि वाघाच्या रुबाबात सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. बाकीचे भराभर पानं टाकून उठले. नव्या गड्यानं जराही विचार केला नाही. आपल्याही सगळ्या चिप्स पुढे सारल्या आणि खाली लिहिलं,

“वहिनी, मी खराच आहो. आता तुमची पानं दाखवा.”

माझ्या हातात दुर्री आणि सत्ती होती.