भिंतीकडची रांग

माझ्या भावाची मुलगी पाचवीत आहे. तिचं गाव धुळ्यापासून बसने तासाभरावर. चौथीपर्यंत तिला ज्या बाई होत्या, त्या गणित सुटलं की विचारायच्या, "कसं काढलंस?" पोरं अहिराणीत सांगायची, बाई ऐकून घ्यायच्या. मग बाईंची बदली झाली.

नवे सर फक्त उत्तर बघतात, आणि तेही फळ्यावरच्या रीतीनेच आलेलं हवं. मुलीने सतरा सक किती हे दहा सक साठ आणि सात सक बेचाळीस अशी बेरीज करून काढलं. उत्तर बरोबर होतं. सरांनी त्यावर फुली मारली आणि तिला भिंतीकडच्या रांगेत बसवलं. ती रांग 'ढ' मुलांची. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला यायच्या आदल्या दिवशी त्या रांगेला सांगण्यात आलं, उद्या येऊ नका.

मी तेव्हा जळगावहून भावाकडे गेले होते. मुलगी म्हणाली, "आत्या, माले बठ्ठं येस. मंग घर कसाले बसू?" सगळं येतं तर घरी का बसायचं, एवढंच तिचं विचारणं.

सकाळी मी तिला घेऊन शाळेत गेले. सर दारातच आडवे आले. "ताई, एका दिवसाचा प्रश्न आहे. वर्ग कच्चा दिसतो हो."

"वर्ग कच्चा आहे की तुम्ही?" मी विचारलं. तेवढ्यात आतून साहेबांचा आवाज आला, "अठरा पंचे?"

हा प्रश्न पाठ करून घेतलेल्यांत नसावा. पुढच्या रांगा सरांकडे बघू लागल्या. मुलगी दारातूनच म्हणाली, "नव्वद. धा पंचे पन्नास, आठ पंचे चाळीस."

साहेबांनी वळून पाहिलं. "ही कोण?"

"पाहुणी आहे, साहेब. आपल्या पटावर नाही," सर म्हणाले.

"मना नंबर सतरा शे, सर," मुलगी म्हणाली.

हजेरीपट टेबलावर उघडा होता, सतराव्या नंबरला तिचंच नाव. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "असू द्या," म्हणाले, शेऱ्याच्या वहीत 'समाधानकारक' लिहून सही केली आणि जीपमध्ये बसले. खोटं उघडं पडलं होतं. दोघांपैकी एकालाही त्याची लाज वाटली नाही.

"आलीच आहेस तर बस आता," सर तिला म्हणाले.

पहिल्या रांगेत एक जागा रिकामी होती. कुठे बस, हे कुणी सांगितलं नव्हतं. ती भिंतीकडे गेली.